कसलथची मुळे : स्फुरद खत आणि भाताच्या वाणांचा इतिहास

१/
ऑगस्ट २०१२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. स्फुरद कमी असलेल्या जमिनीतही भाताला तग धरू देणारे एक जनुक त्यात वर्णिले होते. ते सापडले होते ‘कसलथ’ या भारतातील जुन्या, पारंपरिक वाणात. भाताचा प्रमाण नकाशा म्हणून जगभरचे संशोधक ज्या जनुकसंचाचा आधार घेत, त्यात मात्र या जनुकाचा मागमूसही नव्हता. अनेक आधुनिक वाणांतही ते नव्हते.

२/
एवढा उपयुक्त गुण इतकी वर्षे नजरेआड कसा राहिला, याचे उत्तर केवळ प्रयोगशाळेत मिळत नाही. त्यासाठी खताच्या पोत्याचा इतिहास पाहावा लागतो. हाडे, पक्ष्यांची विष्ठा, पॅसिफिक महासागरातील बेटे, वसाहतींचा व्यापार आणि हरितक्रांतीची प्रयोगक्षेत्रे हे सारे त्या इतिहासात येते. या धाग्याचा विषय तोच आहे.

३/
आधी पीक. भाताच्या रोपाला स्फुरद सर्वाधिक लागते ते कोवळ्या वयात. मुळे पसरणे आणि फुटवे येणे ही दोन्ही कामे त्यावर अवलंबून असतात. स्फुरद कमी पडले की रोप खुजे राहते, पाने अरुंद, ताठ आणि गडद हिरवी होतात, फुटवे मोजके येतात आणि पीक उशिरा पक्व होते. नत्र कमी पडले तर शेत पिवळे दिसते व दोष लगेच लक्षात येतो. स्फुरदाची उपासमार हिरव्या रंगाआड दडते. ती उघड होते खळ्यावर, कारण फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी.

४/
जमिनीत स्फुरद नसते असे नाही. ते बांधलेले असते. जांभ्या, आम्लधर्मी जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम धरून ठेवते. मातीतील पाण्यात विरघळलेला अंश अत्यल्प असतो आणि मुळाला घेता येतो तो तेवढाच. शिवाय नत्रासारखे ते पाण्याबरोबर वाहत मुळापाशी येत नाही. मुळालाच त्याच्याकडे जावे लागते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे.

५/
भाताच्या खाचरात मात्र एक वेगळेच रसायन घडते. पाणी साचले की मातीतील प्राणवायू संपतो, लोहाचे रूप बदलते आणि त्याने धरून ठेवलेले काही स्फुरद मोकळे होते. पाण्याखालील जमिनीचे हे रसायन श्रीलंकेत जन्मलेले शास्त्रज्ञ फेलिक्स पोन्नम्पेरुमा यांनी सविस्तर उलगडले. त्यांचा या विषयावरील प्रसिद्ध निबंध १९७२ चा. म्हणून पाणथळ खाचरातील भाताला जे स्फुरद सहज मिळते, ते वरकस, निचऱ्याच्या जमिनीतील भाताला मिळत नाही. पाऊस खंडला आणि खाचर सुकले, की मोकळे झालेले स्फुरद पुन्हा बांधले जाते.

६/
खताचे पोते येण्यापूर्वी या अडचणीवर शेतकऱ्याने दोन बाजूंनी मार्ग काढला होता. एक मार्ग मातीचा : शेणखत, राख, पुराचा गाळ, पालापाचोळा. दुसरा बियाण्याचा. ज्या जमिनीत जे वाण तगले, त्याचेच बी पुढच्या वर्षी राखले गेले. हलक्या जमिनीत शेकडो हंगाम चाललेली ही निवड मुळांचीही निवड होती, जरी मुळे उपटून कोणी मोजली नव्हती.

७/
पहिल्या मार्गाचे ठळक उदाहरण कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात दिसते. रोपे तयार करायच्या तुकड्यावर शेण, झाडांच्या फांद्या, पाला व गवत यांचे थर रचून ते उन्हाळ्यात जाळायचे, हाच ‘राब’. उष्णतेने तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि राखेतून पालाश, स्फुरद व इतर क्षार रोपांना मिळतात. एका परीने डोंगरावरच्या झाडांनी खोलवरून गोळा केलेले अन्न रोपवाटिकेच्या लहानशा तुकड्यावर एकवटण्याची ही पद्धत होती.

८/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वनकायदे कडक झाले आणि राबासाठी फांद्या तोडण्याच्या हक्कावरून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष वाढला. मुंबई सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. वरवर हा वाद जंगल आणि शेतकरी यांचा होता. त्याच्या तळाशी प्रश्न होता तो भाताच्या रोपाला अन्न कोठून आणायचे हा.

९/
त्याच शतकात युरोपनेही हाच प्रश्न विचारला होता. उत्तर मात्र निराळे शोधले. मूलद्रव्य म्हणून फॉस्फरस हाती लागला तो १६६९ मध्ये. हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांट या किमयागाराने सोने मिळवण्याच्या आशेने मूत्र आटवले आणि त्याला अंधारात चमकणारा पदार्थ मिळाला. पुढे शतकभराने स्वीडनमध्ये योहान गॉटलिब गान याने हाडांत हेच द्रव्य असल्याचे दाखवले. हाडांचा चुरा टाकला की पीक सुधारते, या शेतकऱ्यांच्या अनुभवाला तेव्हा रासायनिक कारण मिळाले.

१०/
१८४० मध्ये युस्टुस फॉन लीबिख याच्या ग्रंथाने वनस्पती मातीतून खनिजे घेतात हा विचार सर्वत्र पोहोचवला. जे अन्नद्रव्य सर्वांत अपुरे, तेच उत्पन्नाची मर्यादा ठरवते, हा नियम त्याच्या नावाने ओळखला जातो. कार्ल श्प्रेंगेलने तो आधीच मांडला होता. १८४२ मध्ये इंग्लंडच्या जॉन बेनेट लॉज याने हाडे व स्फुरदयुक्त खनिजांवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून ‘सुपर फॉस्फेट’ बनवण्याचे एकस्व घेतले. हाडातले हट्टी स्फुरद आता पाण्यात विरघळू लागले. रासायनिक खतांच्या कारखानदारीचा हा आरंभ.

११/
त्यानंतर इंग्लंडला हाडे कमी पडू लागली. दुसऱ्या देशांच्या भूमीची सुपीकता इंग्लंड ओढून नेत आहे आणि त्यासाठी युरोपातील रणभूमीही उकरत आहे, असा आरोप खुद्द लीबिखने केला. पेरूच्या किनाऱ्यावरील बेटांवरून ‘ग्वानो’ म्हणजे समुद्रपक्ष्यांची साठलेली विष्ठा जहाजे भरभरून आली. पुढे हिंदुस्थानातूनही गुरांची हाडे बंदरांकडे जाऊ लागली. गावाच्या वेशीबाहेर पडलेले सांगाडे गोळा करणे हा एक व्यापार झाला.

१२/
१८८९ च्या अखेरीस जॉन ऑगस्टस फोल्कर हा कृषी-रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यास आला. त्याचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदी शेतकरी अडाणी आहे हा प्रचलित समज त्याने नाकारला; अनेक बाबतींत तो इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे असे लिहिले. त्याच्या मते खरी अडचण खताची होती. सरपण मिळत नाही म्हणून शेणाच्या गोवऱ्या होतात आणि शेताचे खत चुलीत जाते. म्हणून सरपण व वैरणीसाठी राखीव वने वाढवावीत, हा त्याचा आग्रह होता.

१३/
हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होते. एक टन भाताबरोबर शेतातून ढोबळमानाने अडीच ते तीन किलो स्फुरद बाहेर जाते आणि त्यातला मोठा वाटा दाण्यात असतो. दाणा बाजारात, शेण चुलीत आणि हाडे जहाजात गेली की शेताकडे परत काय येणार? गाळ आणि राख यांनी जेवढे भरून निघेल तेवढेच. कमी उत्पन्नाच्या समतोलात शेती टिकून राहिली, पण तो समतोल फार तोकडा होता. १९५०-५१ मध्ये भारतातील तांदळाचे सरासरी उत्पन्न हेक्टरी केवळ ६६८ किलो होते.

१४/
दरम्यान खताचा उगम हाडांकडून खडकांकडे सरकला होता. १९०० मध्ये अल्बर्ट एलिस हा कंपनीचा माणूस पॅसिफिकमधील बनाबा बेटावर उतरला. सिडनीच्या कार्यालयात दार अडवायला ठेवलेला, नाउरू बेटावरून आलेला एक दगड त्याने तपासला होता आणि तो उच्च प्रतीचा फॉस्फेट निघाला होता. बनाबा बेटही त्याच खडकाचे होते. वर्षाला ५० पौंड या मोबदल्यात ९९९ वर्षे खोदकाम करण्याचा करार तेथील रहिवाशांकडून करून घेण्यात आला.

१५/
खडक खणला गेला, जहाजांत भरला गेला आणि मुख्यतः ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या शेतांवर पसरला. दुसऱ्या महायुद्धानंतर, डिसेंबर १९४५ मध्ये, बनाबाच्या लोकांना फिजीतील राबी बेटावर नेऊन वसवण्यात आले. १९७९ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा बेटाचा बहुतांश भाग उघड्या सुळक्यांचा उरला होता. ‘स्वस्त’ खत ज्या युगात रूढ झाले, त्या युगाच्या जमाखर्चात हे बेटही आहे.

१६/
भारतात सुपर फॉस्फेटचा कारखाना १९०६ मध्ये मद्रासजवळ रानीपेट येथे सुरू झाला. तरीही कित्येक दशके भातशेतीत रासायनिक खत फारसे शिरले नाही. दारिद्र्य हे एक कारण. दुसरे कारण वाणांत होते. जुनी वाणे उंच आणि लवचिक दांड्यांची. भरपूर खत, विशेषतः नत्र, दिले की ती आणखी वाढत आणि लोंबी भरताच लोळत. लोळलेल्या पिकाचा दाणा चिखलात जाई. शेतकऱ्याने खताला नकार दिला तो अनुभवाने.

१७/
ही कोंडी फुटली फिलिपीन्समध्ये. लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची स्थापना १९६० ची. १९६२ मध्ये पीटर जेनिंग्ज यांनी इंडोनेशियातील उंच ‘पेटा’ आणि तैवानचे ठेंगणे ‘डी-जिओ-वू-जेन’ यांचा संकर केला. त्यातून निवडलेले आयआर-८ हे वाण १९६६ मध्ये प्रसारित झाले. सुरजित कुमार डे दत्ता यांच्या प्रयोगांत भरपूर खत-पाण्यावर त्याने हेक्टरी नऊ टनांहून अधिक भात दिले. खत पचवून ताठ उभे राहणारे भात जगाला मिळाले.

१८/
भारतात आधी तैचुंग नेटिव्ह-१ आले, मग आयआर-८, आणि १९६८ मध्ये ‘जया’ हे देशात तयार झालेले वाण. या वाणांमुळे स्फुरदाचा प्रश्नही नव्याने उभा राहिला. एक टन पिकणाऱ्या शेताला जमिनीतले तीन किलो स्फुरद पुरत होते. पाच टन पिकवायचे तर बारा ते पंधरा किलो लागणार. नुसत्या नत्रावर पहिले काही हंगाम साधतात, मग लीबिखचा नियम आडवा येतो. युरियाबरोबर सुपर फॉस्फेट आणि पुढे डीएपी भातशेतीत स्थिरावले ते या गणितामुळे.

१९/
कोकणच्या जांभ्या जमिनीत हे गणित विशेष कठीण आहे. महाराष्ट्रात अधिक उत्पन्न देणाऱ्या भातवाणांसाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश ही मात्रा रूढ आहे. नत्र दोन-तीन हप्त्यांत विभागून देतात. स्फुरद मात्र सगळेच्या सगळे चिखलणी-लावणीच्या वेळी. फुटव्यांच्या काळात ते मुळाशी असावे लागते आणि नंतर वरून टाकले तर खाली सरकत नाही. तरीही दिलेल्या खतातला जेमतेम दहा ते वीस टक्के भाग पहिल्या पिकाला मिळतो. उरलेला लोहाच्या ताब्यात जातो.

२०/
हरितक्रांतीने उपासमार टाळली, हे निर्विवाद आहे. तिची एक बाजू मात्र नंतर लक्षात आली. नव्या वाणांची निवड बहुधा चांगले पाणी आणि पूर्ण खतमात्रा असलेल्या प्रयोगक्षेत्रांत होत असे. तेथे स्फुरदाची टंचाईच नव्हती. मग कोणत्या ओळीची मुळे टंचाईत धावतात, हे दिसणार कसे? कोणी तो गुण मुद्दाम वगळला नाही. त्याची परीक्षाच घेतली गेली नाही.

२१/
ती परीक्षा १९९० च्या दशकात जपानमध्ये झाली. तेथील ज्वालामुखीजन्य जमिनी स्फुरद घट्ट बांधून ठेवतात. माटियास विसुवा, नोरिहारू आए आणि सहकाऱ्यांनी भाताची निरनिराळी वाणे स्फुरद न देता वाढवून पाहिली. आधुनिक वाणांपेक्षा काही जुनी वाणे सरस ठरली आणि त्यांत कसलथ ठळक होते. ते ‘औस’ गटातले : बंगाल-आसामच्या पट्ट्यात पावसाच्या आरंभी, पुष्कळदा निचऱ्याच्या हलक्या जमिनीत घेतल्या जाणाऱ्या लवकर पिकणाऱ्या भाताच्या कुळातले.

२२/
१९९८ मध्ये निप्पोनबारे हे जपानी वाण आणि कसलथ यांच्या संकरातील पिढ्या तपासून या गुणाचा मुख्य पत्ता बाराव्या गुणसूत्रावर लागला. त्या जागेला ‘पप-१’ हे नाव मिळाले. जनुक नेमके कोणते, हे मात्र सापडेना. २००५ मध्ये भाताच्या जनुकसंचाचे संपूर्ण वाचन प्रसिद्ध झाले. त्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारतही सहभागी होता. पण वाचन झाले होते ते निप्पोनबारेचे. जे त्या वाणातच नाही, ते त्याच्या नकाशात कसे सापडणार?

२३/
म्हणून सिग्रिड हॉयर यांच्या गटाने कसलथचाच तो भाग स्वतंत्रपणे वाचला. तेथे निप्पोनबारेत नसलेला एक मोठा तुकडा निघाला. २०१२ च्या शोधनिबंधात रिको गामुयाओ व सहकाऱ्यांनी त्यातील जनुकाची ओळख पटवली : ‘पी-स्टॉल-१’. हे जनुक मातीतले स्फुरद विरघळवत नाही. ते रोपाच्या कोवळ्या वयात मुळांची वाढ जोमाने करते. अधिक मुळे म्हणजे अधिक माती धुंडाळणे. स्फुरद मुळाकडे येत नाही, मुळालाच जावे लागते. ही अडचण कसलथच्या वंशाने अशी सोडवली होती.

२४/
हे जनुक आयआर-६४ सारख्या आधुनिक वाणात अधिक प्रमाणात कार्यरत केले तेव्हा स्फुरद-दुर्बल मातीत दाण्याचे उत्पन्न लक्षणीय वाढले. निरनिराळ्या वाणांची छाननी केल्यावर आणखी एक सूत्र हाती आले : वरकस आणि अवर्षणप्रवण जमिनीतील वाणांत ‘पप-१’ पुष्कळदा आढळते, बागायती खाचरांसाठी घडवलेल्या वाणांत क्वचित. गुण तेथेच टिकला जेथे त्याची रोज गरज होती.

२५/
याचा अर्थ खत नको असा मात्र नाही. मुळे कितीही पसरली तरी ती नवे स्फुरद निर्माण करत नाहीत. जमिनीतला साठाच अधिक कुशलतेने उचलतात. काहीच परत न देता असे वाण वर्षानुवर्षे घेतले तर साठा संपेल. शिवाय एका जनुकाचा परिणाम सर्वत्र सारखा नसतो. माती, पाणी आणि वाणाचे इतर गुण यांनुसार तो बदलतो. चांगले मूळ दिलेल्या खताचा अपव्यय कमी करते. त्याचे खरे मोल हे आहे.

२६/
या मोलाची जाणीव २००८ मध्ये साऱ्या जगाला झाली. फॉस्फेट खडकाचा भाव वर्ष-दीड वर्षात सुमारे आठपट झाला. जगातील ज्ञात साठ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के साठे मोरोक्को आणि पश्चिम सहारा या प्रदेशात एकवटलेले आहेत. भारतात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे खाण आहे. पण देशाची गरज मोठ्या प्रमाणात आयातीवरच भागते. ज्या भूमीतून एके काळी हाडे जहाजाने बाहेर गेली, त्याच भूमीत आज स्फुरद जहाजाने येते.

२७/
आता दोन्ही जुने मार्ग पुन्हा एकत्र येऊ लागले आहेत. बियाण्याच्या बाजूने पारंपरिक वाणांचा शोध चालू आहे. आफ्रिकेच्या भातातही या जनुकाचे एक रूप मिळाले आहे. मातीच्या बाजूने खत थोडे पण नेमक्या जागी देण्याचे उपाय निघत आहेत. मादागास्करच्या लोहयुक्त जमिनीत रोपांची मुळे स्फुरदयुक्त चिखलात बुडवून लावणी केली जाते. अन्न मुळापाशीच एकवटण्याची ही युक्ती राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला परकी वाटली नसती.

२८/
कसलथ कोणी प्रथम निवडले, याची नोंद इतिहासात नाही. लॉजच्या नावावर एकस्व आहे, एलिसच्या नावावर करार आहे. दाणे पुढच्या हंगामासाठी बाजूला ठेवणाऱ्या पूर्व भारतातील शेतकऱ्यांच्या नावावर फक्त ते बी आहे. ते संग्रहांत टिकले म्हणून २०१२ चा शोध लागू शकला. जी स्थानिक वाणे कोणत्याही बीजपेढीत पोहोचण्याआधीच शेतातून गेली, त्यांच्या मुळांना काय येत होते, हे आता कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकणार नाही.